पेपरमध्ये 'सिग्निफिकंट' लिहिण्याआधी

"दोन्ही गटांत अत्यंत सिग्निफिकंट फरक आढळला (पी = ०.०००)."

पीजीच्या तिसऱ्या वर्षाला थीसिस जमा करायची वेळ आली की हे वाक्य माझ्या टेबलावर येतंच. कधी त्यात हिमोग्लोबिन असतं, कधी गुडघेदुखी, कधी उपाशीपोटीची साखर. मी मेडिकल कॉलेजात जैवसांख्यिकी शिकवते. दोन वर्षं वॉर्ड सांभाळून, ड्युटी संपल्यावर एकेका पेशंटचा फॉर्म भरणाऱ्यांचं सगळं काम शेवटी या एका वाक्यात कोंबलेलं पाहून मला मनापासून वाईट वाटतं. फरक किती होता? कोणत्या गटाच्या बाजूने होता? पेशंटला तो जाणवला का? वाक्य यातलं काहीच सांगत नाही. शिवाय पी-व्हॅल्यू शून्य असूच शकत नाही.

पहिली थीसिस किंवा पहिला पेपर लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एमडी-एमएस, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद, नर्सिंग, कोणीही असा. आरोग्याच्या बातम्या मराठीत आणणाऱ्यांसाठीही शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. लिखाणाचा कच्चा खर्डा समोर उघडून बसलात तर जास्त उपयोग होईल.

पायरी १ : शब्द कुठल्या अर्थाने आलाय ते ओळखा

हा एकच शब्द दवाखान्यात आणि पेपरात वेगवेगळी कामं करतो. केसपेपरवर आपण 'फॅमिली हिस्टरी नॉट सिग्निफिकंट' लिहितो, तेव्हा म्हणायचं असतं की सांगण्यासारखं काही निघालं नाही. तिथे कुठली टेस्ट लावलेली नसते.

काही ठिकाणी शब्दाला ठरलेली व्याख्या असते. मायक्रोबायोलॉजीत 'सिग्निफिकंट बॅक्टेरियुरिया' म्हणजे पारंपरिक हिशोबाने लघवीच्या एका मिलीलीटरमध्ये जंतूंच्या एक लाख किंवा त्याहून जास्त वसाहती. हा आकडा एडवर्ड कास यांच्या १९५०च्या दशकातल्या कामावरून रूढ झाला. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये 'क्लिनिकली सिग्निफिकंट' म्हटलं की साधारणपणे ग्लीसन स्कोअर (कॅन्सरच्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचे गुण) ७ किंवा त्यापुढचा आजार धरतात. असा वापर योग्यच आहे, फक्त तुम्ही कुठली व्याख्या घेतली ते मेथड्समध्ये एका ओळीत लिहा.

खरी अडचण उरलेल्या दोन वापरांत आहे. एक सांख्यिकीचा, ज्याच्या मागे पी-व्हॅल्यू असते. दुसरा नुसता जोर देण्यासाठी: 'क्षयरोग ही सिग्निफिकंट समस्या आहे'. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई (१९७८ मध्ये व्हँकूव्हरला भेटलेल्या संपादकांच्या गटातून ती उभी राहिली), आपल्या शिफारशींत स्पष्ट सांगते की सांख्यिकीचे पारिभाषिक शब्द साध्या अर्थाने वापरू नका. 'रँडम', 'नॉर्मल', 'सिग्निफिकंट', 'कोरिलेशन', 'सॅम्पल' हे शब्द तिने नाव घेऊन दिले आहेत. तेव्हा जोर देण्यासाठी आलेला प्रत्येक 'सिग्निफिकंट' काढून टाका. समस्या मोठी असेल तर 'मोठी' लिहा. किती मोठी ते आकड्याने सांगता आलं तर उत्तमच.

पायरी २ : पी-व्हॅल्यू नक्की काय बोलते ते एकदा नीट समजून घ्या

या पायरीवर घाई करू नका.

समजा, लोहाच्या जुन्या आणि नव्या गोळीत खरोखर काहीच फरक नाही. तरीही दोन गटांची सरासरी हुबेहूब सारखी येणार नाही. माणसं वेगळी, त्यांचं खाणं वेगळं, पाळी वेगळी, त्यामुळे थोडा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक अशा योगायोगाने किती वेळा दिसला असता, ते पी-व्हॅल्यू सांगते. ०.०३ आली तर शंभरातून साधारण तीनदा.

यात 'नवी गोळी चांगली असण्याची शक्यता ९७ टक्के' असं कुठेही नाही. मौखिक परीक्षेत दहापैकी आठ जण हेच उत्तर देतात, आणि पुस्तकं पाठ केलेली असतात तरी देतात. 'गोळीत फरक नाही असं धरलं तर' ही अट विसरली की सगळा अर्थ उलटा होतो.

शब्दाचा इतिहास पाहिला तर गोष्ट सोपी होते. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८५ मध्ये हा शब्द सांख्यिकीत वापरला, तेव्हा त्यांना म्हणायचं होतं की हा फरक कशाची तरी खूण देतो, नुसता योगायोग दिसत नाही. 'महत्त्वाचा' हा अर्थ त्यात नव्हता. आपल्याला मराठीत हे पटकन कळायला हवं, कारण आपण त्याला 'लक्षणीय' म्हणतो आणि त्यात 'लक्षण' दडलेलं आहे. ताप हे लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच, असं आपण म्हणत नाही, रक्ताचा स्मिअर बघतो. लहान पी-व्हॅल्यू आली की तिच्याकडेही तसंच बघायचं. काहीतरी असावं, आता पुढे तपासू.

पी ०.०५ पेक्षा कमी आली की 'सिग्निफिकंट' म्हणायचं, ही रेषा आली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडून. १९२५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी विसात एक ही मर्यादा 'सोयीची' म्हणून सुचवली. तिच्यामागे निसर्गाचा कुठला नियम नाही. १९३३ मध्ये येर्झी नेमन आणि इगॉन पिअरसन यांनी वेगळ्या वाटेने जाऊन चुकीच्या निर्णयांचं प्रमाण आधीच ठरवून ठेवायची पद्धत मांडली. (आपल्या साताऱ्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन यांच्या हाताखाली शिकत होते. १९३६ मध्ये त्यांनी तिथून पीएचडी केली.) फिशर आणि नेमन यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. आज आपण थीसिसमध्ये जे करतो ते या दोघांच्या पद्धतींचं मिश्रण आहे, त्यामुळे गोंधळ झाला तर तो केवळ तुमचा दोष नाही.

पायरी ३ : आधी फरक लिहा, मग पी

आता उदाहरण करून बघू. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे.

जुनी गोळी ६० जणींना, नवी ६० जणींना. आठ आठवड्यांनी नव्या गोळीच्या गटात हिमोग्लोबिन सरासरी ०.४ ग्रॅमने जास्त वाढलं. प्रत्येक गटातला विखुरलेपणा, म्हणजे एसडी, १ ग्रॅम. हिशोब केला की पी येते ०.०३ आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (सीआय, म्हणजे या माहितीशी जुळणाऱ्या खऱ्या फरकांचा पट्टा) येतो ०.०४ ते ०.७६.

विद्यार्थी लिहितात: 'नव्या गोळीने हिमोग्लोबिन सिग्निफिकंटली वाढलं (पी < ०.०५).'

असं लिहा: 'नव्या गोळीच्या गटात हिमोग्लोबिन सरासरी ०.४ ग्रॅम प्रति डेसिलीटरने जास्त वाढलं (९५ टक्के सीआय ०.०४ ते ०.७६; पी = ०.०३).'

दुसऱ्या वाक्यात 'सिग्निफिकंट' हा शब्दच नाही, तरी माहिती कितीतरी जास्त आहे. वाचणाऱ्याला कळतं की खरा फायदा पाऊण ग्रॅमइतका असू शकेल किंवा जवळजवळ काहीच नसेल, दोन्ही या माहितीत बसतात. इंटरव्हलचं खालचं टोक शून्याला टेकायला आलंय, हेही लपून राहत नाही.

आता तीच गोळी, तोच ०.४ चा फरक, पण गटात १५-१५ जणी. पी येते ०.२८ च्या आसपास, इंटरव्हल उणे ०.३५ ते १.१५. गोळी तीच, फरक तोच, फक्त माणसं कमी. उलट बाजूने बघा. ६,०००-६,००० जणी घेतल्या आणि फरक निघाला अवघा ०.०५ ग्रॅम, तर पी ०.००६ येते. ०.०५ ग्रॅम इतकं हिमोग्लोबिन ना पेशंटला कळणार, ना लॅबच्या मशिनला भरवशाने मोजता येणार. पण पी बघून कोणीही 'हायली सिग्निफिकंट' लिहून टाकेल.

माझ्या वर्गात हे तिन्ही हिशोब फळ्यावर शेजारी शेजारी मांडले की शांतता पसरते. तुम्हीही एकदा हाताने करून बघा. सॉफ्टवेअरने उत्तर दिलं की ते डोक्यात राहत नाही, कागदावर केलं की राहतं.

०.००० बद्दल: सॉफ्टवेअर तीनच दशांश दाखवतं, म्हणून ०.०००२ असली तरी पडद्यावर शून्यं दिसतात. ते 'पी < ०.००१' असं लिहायचं. बाकी ठिकाणी खरी किंमत द्या. नुसतं '०.०५ पेक्षा कमी' किंवा 'एनएस' (नॉट सिग्निफिकंट) लिहून वाचणाऱ्याला अंधारात ठेवू नका. 'अत्यंत', 'हायली', 'एक्स्ट्रीमली' ही विशेषणंही काढा. पी लहान आली म्हणजे फरक मोठा, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो चुकीचा आहे.

पायरी ४ : पेशंटच्या बाजूने विचारा

सांख्यिकीच्या रेषेपलीकडे गेलेला फरक पेशंटच्या आयुष्यात किती उतरतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर गणिताच्या तक्त्यात मिळत नाही.

माझ्या मते याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं आहे. आजार पुढे गेलेल्या ५६९ पेशंटना जेमसिटाबिन दिलं. निम्म्यांना जोडीला एर्लोटिनिबची रोजची गोळी, निम्म्यांना प्लासिबो (औषध नसलेली तशीच गोळी). २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पी ०.०३८, म्हणजे सिग्निफिकंट. त्याआधीच, २००५ मध्ये, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या वापराला मंजुरी दिली होती. आता फरक बघा. मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट किमान जितकं जगले ते) ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिने. सुमारे दहा दिवस. एर्लोटिनिबच्या गटात अंगावर पुरळ आणि जुलाब जास्त. त्याच पेपरात असंही आहे की एक वर्ष जगलेल्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेलं, आणि काही कुटुंबांना त्यासाठी गोळी घ्यावीशी वाटेल. ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे. पण 'आयुष्यात सिग्निफिकंट वाढ' एवढंच कानावर पडलं तर ते कशाच्या जोरावर ठरवणार?

म्हणून अभ्यास सुरू करण्याआधीच लिहून ठेवा की किती फरक पडला तर तो पेशंटच्या दृष्टीने अर्थाचा. याला एमसीआयडी (मिनिमल क्लिनिकली इम्पॉर्टंट डिफरन्स) म्हणतात. छातीच्या जुनाट आजारांत सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत साधारण ३० मीटर धरतात. तुमच्या गटाची सुधारणा १२ मीटर आणि पी ०.०१ असेल, तर चर्चेत हे मोकळेपणाने लिहा: फरक योगायोगाचा दिसत नाही, पण पेशंटला जाणवेल इतका नाही. गाइड रागावतील अशी भीती अनेकांना वाटते. परीक्षक मात्र असं वाक्य वाचून खूश होतात, हे मी परीक्षक म्हणून बसल्यावर स्वतः अनुभवलंय.

पायरी ५ : 'सिग्निफिकंट नाही' म्हणजे 'फरक नाही' नव्हे

१५-१५ जणींचं उदाहरण आठवा. इंटरव्हल उणे ०.३५ ते १.१५. या माहितीत सव्वा ग्रॅमच्या जवळ जाणारा फायदाही बसतो आणि थोडं नुकसानही. इथे 'दोन्ही गोळ्या सारख्याच परिणामकारक' असं लिहिणं साफ चूक आहे. आपल्याला काही ठरवता आलं नाही, एवढंच खरं. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड यांनी १९९५ मध्ये याच मुद्द्यावर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं. पुरावा न मिळणं वेगळं आणि नसल्याचा पुरावा मिळणं वेगळं, हे त्यात आहे. एका पानाएवढंच आहे, जरूर वाचा. दोन औषधं सारखीच आहेत हे दाखवायचं असेल तर अभ्यासाची रचनाच वेगळी लागते, ते शेवटी ठरवता येत नाही.

उलट टोकाची चूकही होते. पी ०.०७ आली की 'ट्रेंड टुवर्ड्स सिग्निफिकन्स', 'ऑलमोस्ट सिग्निफिकंट', 'बॉर्डरलाइन'. पी कुठे चालत निघालेली नाही, की थोड्या वेळाने रेषेपलीकडे पोचेल. फरक लिहा, इंटरव्हल लिहा, पी = ०.०७ लिहा आणि थांबा.

पायरी ६ : किती वेळा शोधलं ते सांगा

एका टेस्टला योगायोगाने फसण्याची शक्यता पाच टक्के. वीस स्वतंत्र टेस्ट केल्या, आणि खरोखर कुठेच काही नसलं, तरी किमान एक 'सिग्निफिकंट' निघायची शक्यता ६४ टक्के होते. थीसिसच्या मास्टर चार्टमध्ये चाळीस कॉलम असतात. वय, लिंग, गाव, व्यवसाय, बीएमआय, रक्तगट, सगळं सगळ्याशी लावून पाहिलं की काहीतरी सापडतंच, आणि मग त्या सापडलेल्यावर चर्चेची चार पानं होतात.

१९८८ ची आयसिस-२ ही ट्रायल इथे प्रत्येकाला माहीत असावी. हार्ट अटॅकच्या संशयाने दाखल झालेले १७,१८७ पेशंट. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांमुळे मरण पावलेले ९.४ टक्के, न घेणाऱ्यांत ११.८ टक्के. हजारामागे चोवीस जीव. या निकालाने जगभरचे उपचार बदलले. त्याच पेपरात संशोधकांनी मुद्दाम पेशंटची विभागणी जन्मराशीप्रमाणे करून दाखवली, पाश्चात्त्य सूर्यराशीप्रमाणे. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत अ‍ॅस्पिरिनने मृत्यू किंचित वाढलेले दिसले, बाकी दहा राशींत २८ टक्क्यांनी घटलेले. राशी पाहून अ‍ॅस्पिरिन द्यावी असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. चांगल्या, प्रचंड मोठ्या ट्रायलमध्येसुद्धा तुकडे पाडत गेलं तर काय काय दिसू लागतं, ते त्यांना दाखवायचं होतं.

तेव्हा 'पुरुषांत सिग्निफिकंट, बायकांत नाही, म्हणून औषध पुरुषांनाच लागू पडतं' असं लिहिण्याआधी थांबा. एकीकडे पी ०.०४ आणि दुसरीकडे ०.०९ असेल, तर त्या दोन गटांमधला फरक स्वतः सिग्निफिकंट असेलच असं नाही. त्यासाठी इंटरॅक्शनची, म्हणजे औषधाचा परिणाम दोन गटांत खरंच वेगळा आहे का ते पाहणारी, वेगळी टेस्ट लागते. थीसिसमध्ये याचंच एक सख्खं भावंड भेटतं: 'अ' गटात आधी-नंतर पेअर्ड टी टेस्ट (त्याच माणसांची दोन वेळची मोजमापं ताडणारी), 'ब' गटात आधी-नंतर पेअर्ड टी टेस्ट, एकात सिग्निफिकंट, एकात नाही, म्हणून 'अ' श्रेष्ठ. तुम्ही दोन गट घेतलेत ते एकमेकांशी ताडायला, मग थेट तेच करा.

प्रायमरी आउटकम, म्हणजे अभ्यासाचा मुख्य निकाल, एकच ठेवा आणि सुरुवातीलाच जाहीर करा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या भारताच्या ट्रायल-नोंदवहीत ती आधी नोंदवावी लागतेच. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि ट्रायलची आगाऊ नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची झाली. पेपर लिहिताना तिथली आपलीच नोंद उघडून समोर ठेवा. तिथे जे प्रायमरी लिहिलंय तेच निकालात पहिलं यायला हवं. बाकी सगळं 'शोधता शोधता आढळलेलं' म्हणून स्वतंत्र लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ७ : नियतकालिकाचा नियम बघा

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल सहा तत्त्वांचं निवेदन काढलं. २०१९ मध्ये 'नेचर'मधल्या एका लेखाला आठशेहून जास्त संशोधकांनी सह्या दिल्या. त्यांची मागणी होती की 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' ही कल्पनाच सोडून द्या. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने आपले नियम कडक केले. अनेक टेस्टसाठी दुरुस्ती आधी ठरवलेली नसेल, तर दुय्यम निकालांसाठी पी न देता फरक आणि इंटरव्हल द्यायचा. सगळ्यांनी शब्द सोडलेला नाही, त्यामुळे पेपर पाठवायचा तिथल्या लेखकांसाठीच्या सूचना वाचा. शब्द चालत असेल तर निदान 'स्टॅटिस्टिकली' हे विशेषण सोबत ठेवा.

मराठीत आणताना

बातमीत 'औषधामुळे मृत्यूंमध्ये लक्षणीय घट' आलं की वाचणारा ते 'मोठी घट' असंच वाचतो. त्याची चूक नाही, रोजच्या मराठीत त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. म्हणून पेपरातला 'सिग्निफिकंट' सरळ 'लक्षणीय' करू नका. आकडा शोधा आणि माणसांत सांगा: 'शंभरातले बारा दगावत होते, आता नऊ ते दहा'. आकडा गोषवाऱ्यात नसेल तर पूर्ण पेपर मागवा. शब्द टाळताच येत नसेल तर 'हा फरक केवळ योगायोगाचा वाटत नाही' असं लिहा. लांबलं तरी चालेल, खरं तेवढंच आहे.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी

फाइल उघडून शोधायच्या चौकटीत नुसतं 'सिग्निफ' टाका, म्हणजे शब्दाची सगळी रूपं सापडतील. मी पहिल्यांदा स्वतःच्या जुन्या पेपरवर हे केलं तेव्हा एकतीस वेळा सापडला. प्रत्येक ठिकाणी शेजारी आकडा आहे का पाहा. नसेल तर घाला, आकडा घालता येत नसेल तर शब्द काढा. बहुतेक ठिकाणी काढल्यावर वाक्याचं काहीच बिघडत नाही, असं दिसेल. गोषवाऱ्याच्या शेवटच्या दोन ओळी मात्र वेगळ्या काढून, मोठ्याने वाचा. गावाकडच्या दवाखान्यात रात्री मोबाइलवर तुमचा पेपर शोधणारा डॉक्टर बहुतेक वेळा तेवढंच वाचणार आहे, आणि सकाळी त्याच्यापुढे पेशंट बसलेला असेल.